शून्य कुठं धरायचं

पहिली गिटार मी हवेत कापली.

माझ्या सीएनसी राउटरच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणाऱ्या मशीनच्या, टेबलावर लाकूड नव्हतं. स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, ४० मिलिमीटर वर उचलून धरलेला, त्यात बसणारं कापायचं पातं, म्हणजे बिट, काढून ठेवलेलं, आणि प्रोग्रॅम मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालू. मी हाताची घडी घालून बघत होतो. आधी मानेची खाच, मग पिकअपचे, म्हणजे तारांची थरथर विजेत पकडणाऱ्या चुंबकांचे, दोन कप्पे, मग जिच्यावर तारांचं खालचं टोक टेकतं त्या घोडीची भोकं, मग बाहेरची वळणं. डोळे मिटून कुणी ओळखीच्या चेहऱ्यावरून बोट फिरवावं, तसं ते मशीन रिकाम्या जागेत फिरत होतं. याला एअर कट म्हणतात. प्रोग्रॅममध्ये वेडंवाकडं काही असेल तर लाकूड वाया जायच्या आत कळावं, म्हणून करायचा. पाऊण तासात गिटार झाली. कुठं काही अडलं नाही, तुटलं नाही, जळलं नाही. इतकी निर्दोष गिटार माझ्या हातून त्यानंतर झालेली नाही.

मशीन जुळवून तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. वर्षभर मी त्यावर नावाच्या पाट्या, खोकी आणि मशीनचेच सुटे भाग कापत होतो. घरी सीएनसी राउटर आणलेल्या माणसाचं पहिलं वर्ष बहुधा असंच जातं. मशीन स्वतःसाठीच काही ना काही बनवत राहतं. गिटार मी कॉलेजपासून वाजवतो. बरी वाजवतो असं म्हणायला घरातलं कुणी तयार नाही. तर वाजवण्यात जे जमलं नाही ते बनवण्यात जमतं का बघू, असा एक चोरटा विचारही त्यात होता.

चित्र काढण्यातच तीन आठवडे गेले. बाहेरचा आकार दोन संध्याकाळींत झाला. आकारावर सगळे वेळ घालवतात आणि आकाराला फारसं महत्त्व नसतं. महत्त्व असतं एका लांबीला. मानेच्या वरच्या टोकाला जी खाचांची पट्टी असते, जिला नट म्हणतात, तिथपासून घोडीपर्यंत मोकळ्या तारेची लांबी. मी ६४८ मिलिमीटर धरली, म्हणजे साडेपंचवीस इंच, फेंडर या अमेरिकी कंपनीच्या गिटारींची प्रसिद्ध लांबी. ही एकदा ठरली की बाकी सगळं तिच्यामागून येतं. फ्रेट, म्हणजे आपले पडदे, कुठं बसवायचे याचा हिशेब सोपा आहे. उरलेल्या लांबीला १७.८१७ नं भागायचं, येईल तेवढ्यावर पडदा, मग जी लांबी उरेल तिला पुन्हा भागायचं. पहिला पडदा ३६.३७ मिलिमीटरवर. दुसरा त्यापुढं ३४.३३ वर. असं बारा वेळा केलं की आपण बरोबर ३२४ वर येतो, तारेच्या ऐन मध्यावर, आणि सूर दुप्पट वर जातो. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारीचे एकदा ठोकले की ठोकले. म्हणून ही भागाकाराची उठाठेव.

या १७.८१७ ची एक गोष्ट मला फार आवडते. विन्सेंझो गॅलिली नावाचा एक ल्यूटवादक होता (ल्यूट म्हणजे गिटारीसारखं जुनं युरोपी वाद्य), गॅलिलिओचा बाप. त्यानं १५८१ मध्ये सांगितलं की पडदे बसवताना १८ नं भागा. हिशेब करून पाहिला तर १८ नं भागत गेल्यावर बारावा पडदा ३२४ ऐवजी ३२१.६ वर येतो. अडीच मिलिमीटरच्या आसपास चूक. कागदावर चूकच. पण तार पडद्यावर दाबली की ती जराशी ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. पडदा थोडा नटकडे सरकलेला असेल तर तो चढ काही अंशी भरून निघतो. म्हणजे बापाचं गणित चुकलं होतं आणि कान बरोबर होता. मुलाकडं बघता हे घराणं मोजमापात कच्चं होतं असं म्हणायची सोय नाही.

असो. मशीनकडं येतो.

सीएनसी राउटर म्हणजे तीन दिशांना सरकणारी एक चौकट आणि तिच्यावर बसवलेलं लाकूड कोरायचं राउटर. चौकट सरकवणाऱ्या मोटरी पावलापावलानं फिरतात, एका फेऱ्यात २०० पावलं. कॅड प्रोग्रॅममध्ये आकार काढायचा, कॅममध्ये बिटाचा रस्ता ठरवायचा, आणि त्यातून जी-कोड नावाची यादी निघते: इथं जा, एवढं खाली उतर, या वेगानं पुढं सरक. हजारो ओळी. मशीन त्या वाचत जातं. पण त्याला लाकूड दिसत नाही. लाकूड आहे की नाही, हेही त्याला कळत नाही, हे त्या हवेतल्या गिटारीनं सिद्ध केलंच होतं. माझ्यासारख्या हौशी मशीनमध्ये मोटर खरंच फिरली का हे तपासणारंही काही नसतं. बिट गाठीत अडकलं, मोटर चार पावलं चुकली, तर मशीन समजतं आपण सांगितल्या जागीच आहोत, आणि पुढची सगळी गिटार तेवढ्यानं बाजूला सरकलेली कापतं. शांतपणे.

त्याला ठाऊक असते ती एकच गोष्ट, शून्य. लाकडाच्या कुठल्या तरी बिंदूवर बिटाचं टोक आणून ‘हे शून्य’ असं आपण सांगायचं. डावं-उजवं शून्य, पुढं-मागं शून्य, वर-खाली शून्य. तिथून पुढचे सगळे आकडे. सुरुवातीला मी लाकडावर साधा कागद ठेवायचो, बिट हळूहळू खाली आणायचो, आणि कागद ओढताना किंचित अडकला की ते शून्य धरायचो. कागदाची जाडी वजा करायची. साधारण ०.१ मिलिमीटर. पुढं धातूची पट्टी आणि वायर लावून टेकताक्षणी आपोआप शून्य धरणारी सोय केली, पण कागदाची सवय हाताला राहिलीच आहे.

लाकूड महोगनीचं, ४५ मिलिमीटर जाड, दोन फळ्या शेजारी चिकटवून एक केलेल्या. मान मेपलची आणि तिच्यावर शिसवीची पट्टी. लाकडानं इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज बदलतो की नाही, या वादात मी पडत नाही. त्या वादात पडलेली माणसं गिटार बनवेनाशी होतात. महोगनी घेतली कारण ती सरळ कापली जाते आणि फारशी वाकत नाही. फळी टेबलाला स्क्रूनं घट्ट केली, स्क्रू अशा जागी की बिट तिथं जाणार नाही, आणि दोन बाजूंना लाकडी खुंट्यांची भोकं पाडली. एक बाजू झाली की फळी पलटायची आणि त्याच खुंट्यांवर बसवायची, म्हणजे मागचा कप्पा पुढच्या कप्प्याच्या बरोबर पाठीशी येतो. खुंट्या सैल असतील तर येत नाही. माझ्या ०.४ मिलिमीटरनं सैल होत्या. गिटारीच्या कडेवर मधोमध एक बारीक पायरी उमटली, अख्ख्या परिघाला. नखाला लागायची. ती पॉलिश पेपरनं घालवायला एक पूर्ण रविवार गेला.

बिटाचे मिनिटाला १८,००० फेरे, दोन धारा, पुढं सरकण्याचा वेग मिनिटाला १,८०० मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक धार दर खेपेला ०.०५ मिलिमीटर लाकूड उचलते. नवख्याला वाटतं हळू चालवलं की लाकूड सुरक्षित. उलटं असतं. हळू गेलं की धार कापायच्या ऐवजी घासत बसते, उष्णता भुशाबरोबर बाहेर पडत नाही, आणि कडा काळ्या पडतात. वर्कशॉपभर जळका वास. मला पहिल्या अर्ध्या तासात तो वास आला आणि मी वेग आणखी कमी केला. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

आता मानेची खाच. गिटारीच्या धडात मान जिथं बसते तिची खोली १६ मिलिमीटर ठरवली होती. ही खोली महत्त्वाची, कारण तारा धडापासून किती उंचीवर राहतील ते हीच ठरवते. घोडीचे स्क्रू वरखाली करून भरून काढायला फार जागा नसते. आधी ८ मिलिमीटरच्या बिटानं बहुतेक लाकूड काढायचं, मग ६ च्या बिटानं भिंती साफ करायच्या. पहिलं काम झक्क झालं. बिट बदललं, बिट धरणारा कोलेट आवळला, भुसा झटकला, चष्मा पुसला आणि बटण दाबलं.

नवं बिट जुन्यापेक्षा ३ मिलिमीटर जास्त बाहेर आलेलं होतं आणि मी शून्य परत धरलेलं नव्हतं. मशीनच्या लेखी टोक होतं तिथंच होतं.

डोळ्यांच्या आधी कानाला कळलं. भिंत साफ करणाऱ्या बिटाचा आवाज बारीक, शिट्टीसारखा असतो. हा आवाज जाड होता, घशातून आल्यासारखा. लाल बटणावर हात पडेपर्यंत खाचेच्या अर्ध्या भिंतीलगत ३ मिलिमीटर खोल चर पडला होता. मी स्टूल ओढून बसलो. चहा वगैरे काही नाही, नुसता बसलो. मग शेवटी जे करायला हवं ते केलं. उरलेला तळही १९ पर्यंत खाली नेला, मेपलची ३ मिलिमीटरची पट्टी खाचेच्या मापाची कापली आणि तळाशी चिकटवून दिली. पट्टी पूर्ण खाचभर, कडेपासून कडेपर्यंत. तुकडा ठेवला तर मान काही दिवसांनी त्या तुकड्याभोवती वाकते. चिकटवण्याआधी तिच्यावर पेन्सिलीनं ‘३.०’ लिहिलं. कशासाठी ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

खाचेचे कोपरे राहिले होते. गोल फिरणाऱ्या बिटाला आतला कोपरा चौकोनी काढता येत नाही. ६ चं बिट ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सोडतंच, मशीन कितीही महागाचं असो. मानेचा बुंधा मात्र मी चौकोनी ठेवला होता. पटाशी घेतली. दोन कोपरे, प्रत्येकी दहा मिनिटं. त्या वीस मिनिटांत मला जेवढं बरं वाटलं तेवढं आधीच्या महिन्याभरात वाटलं नव्हतं.

याच सुमारास एक मित्र येऊन गेला. धड हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं, वळणांवरून अंगठा फिरवला, वाखाणलं. मग टेबलावरच्या मशीनकडं पाहून म्हणाला, “म्हणजे यानं केलं ना? मग तू काय केलंस रे?”

हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न नंतर बरेच दिवस भुशासारखा अंगाला चिकटून होता. म्हणून हिशेब मांडला. लाकडात बिट प्रत्यक्ष फिरत होतं तो वेळ एकूण चार तास चाळीस मिनिटं. मला लागले पाच महिने, शनिवार-रविवार धरून. पण हा हिशेब म्हणजे उत्तर नव्हे, वकिली झाली. मित्राच्या बोलण्यात एक गृहीत होतं, की खरी गिटार हातानं कोरतात आणि मशीनची गिटार म्हणजे नक्कल. व्हायोलिनबद्दल हे म्हणता येईल. इलेक्ट्रिक गिटारीचा जन्मच वेगळ्या घरात झाला. १९४० च्या सुमारास लेस पॉल या अमेरिकी गिटारवादकानं चार इंची चौकोनी पाइनच्या तुळईला मान आणि पिकअप लावून वाद्य केलं. त्याला तो लॉग, म्हणजे ओंडकाच म्हणायचा. लोकांना ते रूप रुचेना, तेव्हा त्यानं एक गिटार उभी कापून तिचे दोन पंख ओंडक्याला लावले. १९५० मध्ये लिओ फेंडरनं सपाट फळीची गिटार बाजारात आणली. फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला गिटार वाजवता येत नव्हती. फळी साच्यावर ठेवून राउटरनं कापायची, मान स्क्रूनं जोडायची, मान बिघडली तर दुसरी लावायची. त्या गिटारीचं आधीचं नाव ब्रॉडकास्टर, पण एका ड्रम कंपनीचं जवळपास तेच नाव निघालं आणि १९५१ मध्ये ती टेलिकास्टर झाली. म्हणजे या वाद्याच्या मूळ आराखड्यातच राउटर आहे.

आणखी एक योगायोग. १९५२ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीनं लेस पॉलच्या नावाची गिटार काढली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये छिद्रांच्या पट्टीवरून आकडे वाचून धातू कापणारं मशीन लोकांना दाखवलं गेलं. त्यामागं जॉन पार्सन्स नावाच्या कारखानदाराची खटपट होती. त्याची सुरुवात हेलिकॉप्टरच्या पात्यांचे साचे बिनचूक कापण्याच्या गरजेतून झाली. सीएनसीचं हे मूळ घराणं. ती गिटार आणि ते मशीन, दोघं एकाच सालचे, आणि माझ्याकडं पहिल्यांदा भेटले असं नाही. मोठ्या कारखान्यांत केव्हाच भेटलेत. हे सगळं मित्राला सांगायला हवं होतं. तो गेल्यावर सुचलं.

मानेची पाठ मात्र मी मशीनला दिली नाही. कॅडमध्ये वळण काढलेलं होतं, बिटाचा रस्ताही तयार होता. पण माझा अंगठा कुठं विसावतो हे मला आकड्यांत सांगता येईना. मग पत्र्याचे दोन साचे कापले, एक पहिल्या पडद्याचा आणि एक बाराव्याचा, जाडी २१ आणि २३ मिलिमीटर, आणि मधलं सगळं कानशीनं. दर पाच मिनिटांनी डोळे मिटून मान हातात धरायची. खटकलं तिथं पेन्सिलीची खूण, तिथं कानस. पडद्यांच्या खाचांतही अर्ध-अर्ध केलं. ०.६ मिलिमीटरचं बिट म्हणजे जवळजवळ सुई. दोन मोडल्यावर शहाणा झालो. मशीननं फक्त अर्धा मिलिमीटर खोल रेघा मारून दिल्या, जागा बिनचूक, आणि खोली मी बारीक करवतीनं पुरी केली.

आता फिनिशिंग. ज्याला आपण पॉलिशकाम म्हणतो ते.

मशीनवरून उतरलेलं धड दिसतं गुळगुळीत. पोटाला टेकणारा मागचा खोलगट भाग गोल टोकाच्या ६ मिलिमीटरच्या बिटानं कापला होता, दर फेरीत १ मिलिमीटर बाजूला सरकत. अशा दोन फेऱ्यांमध्ये जो कंगोरा उरतो त्याची उंची ०.०४ मिलिमीटर भरते. नुसत्या डोळ्याला तो दिसत नाही. दिवा अगदी आडवा धरला की नांगरलेल्या रानासारख्या सऱ्या दिसतात. आणि रंग लावला की दिवा न धरताही दिसतात, कारण रंग सरीत साचतो. १२० चा पॉलिश पेपर, मग १८०, मग २४०, मग ३२०. मग ओल्या फडक्यानं पुसायचं. पाणी लागलं की दबलेले तंतू उभे राहतात, लाकडाच्या अंगावर काटा आल्यासारखे. ते सुकले की पुन्हा ३२०. ही पायरी मी एका तुकड्यावर गाळून पाहिली. रंगाचा पहिला ओला हात बसताच ते तंतू उठले आणि हाताला दाढी लागली.

महोगनीची रंध्रं उघडी असतात. ती लुकणानं भरून घ्यावी लागतात, नाहीतर वरचं लॅकर त्यांत खचत राहतं. मग गडद लाल रंग, ज्यातून लाकडाचा रेषा दिसेल असा. मग चपडा लाखेचा, म्हणजे शेलॅकचा, एक पातळ हात. तो कशालाही धरतो आणि त्यावर काहीही धरतं. एका किड्यानं झाडाच्या फांदीवर सोडलेल्या लाखेवर अजून कुणाला कुरघोडी करता आलेली नाही. त्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचे फवारे, दिवसाला तीन, असे चार दिवस. मोकळ्या हवेत, नाकाला मास्क, आसपास आगीचा संबंध नाही. त्याची वाफ पेट घेते.

त्यानंतर काही करायचं नाही. हे सगळ्यात अवघड. लॅकर वरून अर्ध्या तासात सुकतं आणि आतून महिनाभर सुकत राहतं. नाक जवळ नेलं आणि वास आला, तर अजून झालेलं नाही. मी रोज नाक नेत होतो. घरातल्यांनी चौथ्या दिवशी बघणं सोडून दिलं. चोविसाव्या दिवशी वास बराच कमी होता. आणखी आठ दिवस थांबायला हवं होतं.

थांबलो नाही. पाणी लावून ८०० च्या पेपरनं घासायला घेतलं. सपाट भागावर काम छान चाललं. मऊ, दुधी पाणी निघत होतं. धडाच्या वरच्या टोकाच्या, म्हणजे शिंगाच्या, कडेला आलो आणि पाणी गुलाबी झालं. गुलाबी पाणी म्हणजे लॅकर संपलं आणि पेपर रंगाला भिडला. कडेवर लॅकर नेहमी पातळ बसतं आणि हाताचा दाब नेहमी जास्त पडतो. हे मला माहीत होतं. हे वाक्य मी दुसऱ्या कुणाला तरी सांगितलंही होतं. नखाएवढ्या जागेत फिकं लाकूड उघडं पडलं.

नायट्रोची एक मेहेरबानी अशी की नवा हात जुन्या हाताला विरघळवून त्यात मिसळतो, मध्ये सांधा राहत नाही. बारीक कुंचल्यानं रंग टेकवला, वर थेंबाथेंबानं लॅकर भरलं, पुन्हा थांबलो. या वेळी खरोखर थांबलो. मग १०००, १५००, २०००, आणि शेवटी पॉलिशची पेस्ट आणि मऊ कापड. शिंगावरची ती जागा आता मला दिसते, दुसऱ्या कुणाला दाखवल्याशिवाय दिसत नाही. मी मात्र प्रत्येकाला दाखवतो.

वायरिंग एका दुपारचं काम. पिकअप दोन, दोन्ही हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारे. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि वर लोखंडी तार हलली की वेढ्यांत वीज उठते. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं तेच. पण वेढे तेवढ्यावर थांबत नाहीत, घरातल्या विजेची गुणगुणही पकडतात. गिब्सनच्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये दोन गुंडाळ्या शेजारी ठेवल्या, एकीचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटं. बाहेरची गुणगुण दोन्हींत परस्परविरुद्ध येते आणि बेरीज शून्य होते. तारेचा सूर दोनदा उलटून सुलटा होतो आणि टिकतो. इतकं सुटसुटीत डोकं मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिलेलं नाही.

तर सगळं सोल्डर करून पहिल्यांदा अँप्लिफायरला जोडली आणि मधमाश्यांचं पोळं बोलायला लागलं. तारांना हात लावला, फरक नाही. आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाच्या धातूला हात लावला, आवाज गप्प. त्यातच निदान होतं. घोडीपासून ग्राउंडला जाणारी वायर मी जोडलेली नव्हती. सगळ्या सर्किटला ज्या एका जागेला शून्य व्होल्ट म्हणायचं, तिच्याशी तारांचा आणि पर्यायानं माझा संबंधच नव्हता. पाच महिन्यांत शून्याशी केलेला हा माझा दुसरा दगाफटका. कप्प्याचं झाकण उघडलं, बारा सेंटिमीटरची वायर, दोन डाग.

तारा चढवल्या. १० ते ४६ चा संच (इंचाच्या हजाराव्या भागांत जाडी), सहा तारांचा मिळून ताण ४७ किलोच्या आसपास. एवढं वजन मानेला सतत पुढं ओढत असतं, आणि मानेच्या पोटातला लोखंडी गज, ट्रस रॉड, तिला मागं धरतो. गज असा पिळायचा की मान अगदी सरळही नको. सातव्या पडद्याशी पाव मिलिमीटर पोकळी हवी, कारण तार हलते तेव्हा मधोमध जास्त हलते. चौदाव्या पडद्यावर तार झणझणत होती. मशीननं रेघा कितीही बिनचूक मारल्या तरी पडदे मी हातोडीनं ठोकले होते. पडद्यांची डोकी मार्करनं काळी केली, सपाट पट्टीवर पेपर चिकटवून हलकेच फिरवला. जिथं शाई गेली ते उंच, जिथं राहिली ते बुटके. मग उंच उतरवायचे आणि पुन्हा गोल करायचे. घासता घासता वाटलं, तंबोऱ्यात याच झणझणाटासाठी जवारी काढणारे हात आयुष्य घालवतात, आणि इथं मी तोच घालवायला दोन दिवस खपतोय.

मग घोडी. तिच्यावर सहा छोटे सरकणारे तुकडे असतात, प्रत्येक तारेला एक. त्यांना सॅडल म्हणतात, म्हणजे खोगीर. आपल्या भाषेत घोडी आणि त्यांच्या भाषेत खोगीर. दोन भाषांनी मिळून एक जनावर पुरं केलंय. बाराव्या पडद्यावर तार नुसती शिवून जो सूर येतो आणि दाबून जो येतो, ते दोन्ही जुळेपर्यंत खोगीर मागं-पुढं करायचं. दाबलेला सूर चढा लागला तर मागं. पहिली तार जवळजवळ ६४८ वर राहिली. जाड तारा मागं जात गेल्या. सहावी तर चार मिलिमीटर मागं गेली. सहा तारा, सहा लांब्या, आणि ज्या आकड्यावर मी तीन आठवडे चित्र काढलं होतं त्यावर नेमकी एकही नाही. विन्सेंझोची आठवण झाली.

रात्री अकराला पहिला कॉर्ड वाजवला. ई मेजर, कारण तो चुकायला कठीण. अँप्लिफायर बंद ठेवून, सगळे झोपले होते. धड पोटाला टेकलेलं होतं आणि आवाजाआधी तिथं कळलं.

मित्राला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, “मशीनला शाबासकी सांग.” मी म्हटलं सांगतो.

मेपलची ती पट्टी अजून मानेखाली आहे. तारा बदलताना दिसत नाही, चार स्क्रू काढून मान उचलली तरच दिसते. आज सकाळी पाचवी तार जरा उतरली होती. लाकूड अजून बसतंय. लावून घेतली.